ऑनलाइन आरती मागे-पुढे का होते?

२०२० साली गणपती २२ ऑगस्टला बसले. कोणी कोणाकडे जाण्याची सोय नव्हती, म्हणून आमच्या घरची आरती व्हिडिओ कॉलवर झाली. पुण्यात आई-बाबा आणि आम्ही, नाशिकला काका-काकू, न्यू जर्सीला ताई. निरांजनं लागली, बाबांनी “एक, दोन, तीन” म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. पहिल्या कडव्यातच आरतीचे हाल झाले. काकांचा शब्द आमच्यापर्यंत उशिरा यायचा, म्हणून आम्ही त्यांच्यासाठी थांबायचो. आम्ही थांबलेलं ऐकून तेही थांबायचे. ताई तर तिसऱ्याच लयीत होती. एकमेकांसाठी थांबता थांबता आरती इतकी रेंगाळली की दुसऱ्या कडव्याला आईने जाहीर केलं, “तुम्ही सगळे गप्प बसा, मी एकटी म्हणते.”

बाबांचं निदान तयार होतं: नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घे. घेतला. ५०चे १०० एमबीपीएस झाले. गौरी जेवून गेल्या, अनंत चतुर्दशी आली, आरती होती तशीच.

बाबांना दोष देता येणार नाही, ‘स्पीड’ हा शब्दच फसवा आहे. एमबीपीएस म्हणजे रस्ता किती रुंद ते. एक्सप्रेसवेला दोन लेन वाढवल्या म्हणून पुणे मुंबईच्या जवळ सरकत नाही. सिनेमा उतरवून घ्यायचा तर रुंदी हवीच, पण बोलायला ती लागते किती? नुसत्या आवाजाला ३०-४० केबीपीएस (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस) पुष्कळ झाले, चांगल्या व्हिडिओला एक-दोन एमबीपीएस. बाकीची रुंदी आरतीच्या काही कामाची नाही. आरतीला महत्त्वाचं हे, की इथून निघालेला शब्द तिथे किती मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या किती हजाराव्या भागांत, पोहोचतो. आणि प्रत्येक वेळी साधारण तितक्याच वेळात पोहोचतो का. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या पोरांना हे आपल्याआधी कळलेलं असतं. ती प्लॅन विचारत नाहीत, ‘पिंग किती येतोय’ ते विचारतात, म्हणजे पलीकडे जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते.

आवाज नेटवरून जातो तो तुकडे होऊन. फोन साधारणपणे दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये भरतो, वर पत्ता घालतो आणि सोडून देतो. सेकंदाला ५० पॅकेटं. वाटेत एखाद्या राउटरवर, म्हणजे पॅकेटांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, गर्दी असली की ती रांगेत उभी राहतात, आणि रांगेत जागाच नसली की राउटर पॅकेट टाकून देतो. बहुतेक वेळा कोणाला कळवतही नाही. इंटरनेटचा पायाच असा आहे: जमेल तसं पोहोचवू, यापलीकडे ते कसलाही शब्द देत नाही. मग तो शब्द कोणी द्यायचा, हे त्याच्या वरचा थर बघतो. त्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात, आणि त्यात अनेक वर्षं दोनच मोठी नावं होती, टीसीपी आणि यूडीपी.

टीसीपी हा काटेकोर कारकून आहे. पाठवलेल्या मालावर क्रमांक घालतो, पलीकडून पोचपावती मागतो, पावती आली नाही तर तेच पुन्हा पाठवतो. पलीकडे बसलेला त्याचा जोडीदार सगळं क्रमाने लावूनच ॲपच्या हातात देतो. ५०० नंबरचं आलं नसेल, तर ५०१ टेबलावर येऊन पडलेलं असलं तरी मिळणार नाही. बँकेचं स्टेटमेंट, ईमेल, रेल्वेचं तिकीट यांना असाच माणूस हवा. खात्यातल्या आकड्यातलं एक शून्य वाटेत गळलं तर कसं चालेल?

आता हाच कारकून आरतीला बसवू. पुण्याहून न्यू जर्सीला एका बाजूने ११० मिलिसेकंद लागतात असं धरा. ताईचं ५०० नंबरचं पॅकेट वाटेत पडलं. तिच्या फोनला हे कसं कळणार? टीसीपीचा जुना नियम असा, की मागची तीन पॅकेटं पोहोचली आणि तिन्ही वेळा पलीकडून “मी अजून ५००चीच वाट बघतोय” अशी पावती आली, की समजायचं ते हरवलं. तिसरं पॅकेट निघायला ६० मिलिसेकंद, पोहोचायला ११०, पावती परत यायला ११०, आणि मग पुन्हा पाठवलेलं ५०० पोहोचायला आणखी ११०. बेरीज ३९०. ते मुळात ११०व्या मिलिसेकंदाला यायला हवं होतं, म्हणजे २८० मिलिसेकंद उशीर झाला. तेवढ्यात मागची १४ पॅकेटं आमच्या फोनवर सुखरूप येऊन पडलेली असतात, पण एकाच्या हट्टापायी ती चौदाही खोळंबतात. कानाला ऐकू येतो तो पाव सेकंदाहून मोठा खड्डा, आणि मग पंधरा तुकडे एकदम अंगावर. पुन्हा पाठवलेलं पॅकेटही वाटेत पडलं तर टायमर संपायची वाट बघायची, आणि तो टायमर दर अपयशानंतर दुप्पट होत जातो.

लोणचं मुरलं तर चांगलंच लागतं, दूध वेळेत आलं पाहिजे. फाइल लोणच्यासारखी आहे, दोन सेकंदांनी आली तरी बिघडत नाही. बोलणं हे दूध. सकाळच्या चहाची पिशवी रतीबवाल्याने रात्री दहाला आणून दिली, वर पोचपावतीवर सही मागितली, तर त्याचं कौतुक करायचं की काय? शिवाय त्या एका पिशवीसाठी त्याने दुसऱ्या दिवशीचं ताजं दूधही दाराबाहेर अडवून ठेवलं असेल तर? टीसीपी आवाजाशी असंच वागतो.

हे दुखणं इंटरनेटच्या जन्माइतकंच जुनं आहे. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली जो आराखडा मांडला त्यात टीसीपी हा एकच अखंड प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात पाळायचा नियमसंच, होता. पत्ता शोधण्यापासून पावत्या ठेवण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. पण त्याच सुमारास अमेरिकेत डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी आर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, चक्क आवाज पाठवण्याचे प्रयोग करत होते, आणि आवाजाला ही पावत्यांची शिस्त नको होती. १९७८च्या सुमाराला टीसीपीचे दोन भाग झाले. नुसतं पोहोचवण्याचं काम आयपीकडे (इंटरनेट प्रोटोकॉलकडे) गेलं, पावत्यांचं टीसीपीकडे राहिलं. त्या फाळणीमागे आवाजवाल्यांची ही तक्रार हे एक मोठं कारण होतं. ज्यांना पावत्या नकोत त्यांच्यासाठी जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८०मध्ये यूडीपी लिहून दिला. सगळं मानक तीन पानांचं. पॅकेटवर फक्त ८ बाइटचं लेबल: कुठून, कुठे, लांबी किती आणि मजकूर फाटलाय का ते तपासायचा एक आकडा. बस्स. टीसीपी रजिस्टर पत्र असेल, तर यूडीपी म्हणजे पेटीत टाकलेलं साधं पोस्टकार्ड.

आपण रोज जे फोन करतो तेही आता याच पोस्टकार्डांवर चालतात. जिओने सप्टेंबर २०१६मध्ये सेवा सुरू केली ती फक्त ४जीवर, म्हणजे तिथे प्रत्येक कॉल हा पॅकेटांचाच. त्यालाच आपण व्होल्टे म्हणतो. ४जीच्या मानकांत आवाजासाठी वेगळा वर्ग आहे, आणि त्याचे आकडे मला फार बोलके वाटतात. आवाजाच्या पॅकेटने १०० मिलिसेकंदांत पोहोचावं, आणि शंभरात एक हरवलं तरी हरकत नाही. वेब, ईमेल वगैरे टीसीपीवरच्या कामांना ३०० मिलिसेकंदांची सवलत, पण हरवण्याची मुभा दहा लाखांत एक. एकाला घाई आणि ढिलाई, दुसऱ्याला सावकाशी आणि शिस्त. मानक लिहिणाऱ्यांनी दोन्ही एकदम मागितलं नाही, कारण ते मिळत नाही.

तरी यूडीपी वेगवान आहे असं म्हणणं मला खटकतं. यूडीपी काहीच करत नाही, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. जे तो करत नाही ते सगळं ॲपला स्वतः निस्तरावं लागतं, आणि कॉल चांगला की वाईट हे तिथे ठरतं.

पहिलं काम वेळ सांभाळण्याचं. पॅकेटं निघतात बरोबर २०-२० मिलिसेकंदांनी, पण येतात कशीही. एक १८ने, पुढचं ४५ने, मग दोन एकदम. या अनियमितपणाला जिटर म्हणतात. म्हणून प्रत्येक पॅकेटवर क्रमांक आणि वेळेचा शिक्का मारणारी आरटीपी नावाची पद्धत १९९६मध्ये आली, आणि ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये जिटर बफर बसला. जिटर बफर म्हणजे पंगतीतला वाढपी. स्वयंपाकघरातून पोळ्या कधी भराभर येतात, कधी तवा थंडावतो. हुशार वाढपी टोपलीत चार पोळ्या शिल्लक ठेवूनच पंगतीत उतरतो, म्हणजे आत उशीर झाला तरी पानावरचा माणूस हात वाळवत बसत नाही. पण टोपली भरेपर्यंत थांबलं की पहिल्या पानाला उशीर, आणि दोनच पोळ्या घेऊन गेलं की मध्येच पंचाईत. जिटर बफर हा हिशेब सतत करत असतो. नेट बिघडलं की तो टोपली मोठी करतो, सुधारलं की लहान. कॉलवर कधी कधी समोरचा माणूस क्षणभर भरभर बोलल्यासारखा वाटतो ना? बफरमध्ये साठलेलं बोलणं फोन जरा पळवून संपवत असतो, तो हा प्रकार.

एवढी काटकसर कशाला? कारण तोंडापासून कानापर्यंतचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तेवढ्यात संभाषण नैसर्गिक वाटतं. त्यापुढे दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात, मग “तू बोल”, “नाही, तू बोल”.

हरवलेल्या पॅकेटांचं काय? एखादं हरवलं तर आधीच्या आवाजावरून फोन २० मिलिसेकंदांचा अंदाज भरतो, आणि कानाला कळतही नाही. सलग चार-पाच हरवली की तो अंदाज संपतो, आणि माणूस रोबोसारखा बोलू लागतो. २०१२ साली मानक झालेला ओपस हा कोडेक (आवाज दाबून लहान करण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत), जो आज ब्राउझरमधल्या जवळपास सगळ्या कॉलना वापरतात, आणखी एक युक्ती करू शकतो: प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या तुकड्याची हलक्या दर्जाची नक्कलही ठेवायची. ५०० हरवलं तरी ५०१च्या खिशात त्याची चिठ्ठी सापडते. परत मागवायला समुद्रापार जावं लागत नाही.

आता घरातला गुन्हेगार. मला वाटतं, आपल्याकडच्या निम्म्या “आवाज तुटतोय” तक्रारींचं मूळ परदेशात नसून टीव्हीच्या मागे ठेवलेल्या राउटरमध्ये असतं. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी आरतीला तर चित्रही गोठलं. शोधल्यावर कळलं की मी मखराचे साठेक फोटो आणि दोन व्हिडिओ काढले होते, आणि माझा फोन गुपचूप ते क्लाउडवर चढवत होता. हे चढवणं टीसीपीवर चालतं, आणि बहुतेक टीसीपी पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवतच राहतो. हरवलं, की त्याला समजतं की रस्ता भरला. आता राउटर बनवणाऱ्यांनी “पॅकेट हरवू नये” या चांगल्या हेतूने आत मोठमोठ्या रांगा ठेवल्या. परिणाम असा, की टीसीपी ती रांग शेवटपर्यंत भरतो, आणि माझ्या आईचा आवाज मखराच्या फोटोंच्या मागे उभा राहतो. अपलोड ५ एमबीपीएस आणि राउटरमध्ये १ एमबीची, म्हणजे ८ मेगाबिटची, रांग असेल, तर ती उपसायला १.६ सेकंद लागतात. वर १५० मिलिसेकंदांचं बोललो, आणि इथे घराबाहेर पडायलाच १६००.

पंढरपूरच्या दर्शनबारीला आणखी दहा मंडप जोडले म्हणून पायावर डोकं ठेवायला लागणारा वेळ कमी होत नाही, उभं राहायची सोय तेवढी वाढते. राउटरच्या या आजाराला जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास बफरब्लोट असं नाव दिलं. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये कोडेल नावाचा उपाय काढला. तो रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ उभं होतं ते मोजतो. १०० मिलिसेकंद सलग कोणाचीही ५ मिलिसेकंदांच्या आत सुटका होत नसेल, तर तो एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देतो, म्हणजे टीसीपीला वेळेत चपराक बसते. काही राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ नावाची सेटिंग असते, ती याच कुळातली. तपासायला सोपं आहे: एकीकडे पिंग चालू ठेवा, दुसरीकडे मोठी फाइल चढवायला लावा. पिंग ३० वरून ६००वर गेला, तर मोठा प्लॅन घेऊ नका, राउटर बघा.

यूडीपीवाल्यांनी वाटेल तितकं ओतावं, असं मात्र नाही. ऑक्टोबर १९८६मध्ये बर्कलीत लॉरेन्स प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यातल्या जेमतेम ४०० यार्डांच्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला होता, कारण सगळी यंत्रं न थांबता पुन्हा पुन्हा पाठवत होती. वर आलेले जेकबसन त्याच घटनेतून या विषयात उतरले, आणि टीसीपी गर्दी ओळखायला शिकला. आजचे व्हिडिओ कॉल ही अक्कल स्वतः बाळगतात, आणि पॅकेट हरवायची वाटही बघत नाहीत. पॅकेटं २०-२० मिलिसेकंदांनी सोडली आणि पलीकडे ती २३-२३ने पोहोचायला लागली, की वाटेत कुठेतरी रांग वाढतेय असं समजून ते आधी चित्राचा दर्जा उतरवतात. ताईचा चेहरा धूसर झाला पण आवाज स्वच्छ आहे, तर समजा की यंत्रणा शहाण्यासारखी वागतेय.

ऑफिसच्या नेटवर कॉल खराब आणि घरी बरा, असं अनेकांचं होतं. त्यामागे बरेचदा फायरवॉल, म्हणजे ऑफिसच्या नेटच्या दारावरचा पहारेकरी, असतो. तो यूडीपी अडवतो, मग ॲप नाइलाजाने टीसीपीवरून कॉल काढतं. कॉल लागतो, पण चौदा पॅकेटं खोळंबण्याचा खेळ परत सुरू.

क्विक या नव्या प्रोटोकॉलबद्दल थोडंच सांगतो, कारण कॉलशी त्याचा संबंध अजून जुळतोय. गुगलमध्ये सुरू झालेला हा प्रोटोकॉल मे २०२१मध्ये मानक झाला. तो यूडीपीच्या पाठीवर बसतो आणि पावत्या स्वतः ठेवतो, पण वेगवेगळ्या प्रवाहांच्या पावत्या वेगळ्या. एका प्रवाहातलं पॅकेट हरवलं म्हणून दुसरा खोळंबत नाही. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं तरी जोडणी तुटत नाही, कारण ती पत्त्याऐवजी स्वतःच्या ओळख क्रमांकावर चालते. पावती नको असलेला माल पाठवायचीही सोय त्यात २०२२मध्ये आली.

क्रिकेटची गोष्ट वेगळी. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. असं प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत, पावत्यांसह येतं, आणि फोन असे काही तुकडे आधी साठवतो. म्हणून चित्र स्वच्छ, पण शेजारचे काका टीव्हीवर बघून ओरडल्यावर आपल्याकडे बॉलर अजून रनअपला असतो. सामन्यात आपण परत काही बोलत नाही, म्हणून वीस-तीस सेकंद खपून जातात.

आरतीत खपत नाहीत, कारण एकत्र गाणं हे बोलण्यापेक्षाही नाजूक. सुरात-तालात राहायचं तर एकमेकांचा आवाज साधारण २५ मिलिसेकंदांच्या आत कानावर पडावा लागतो. हवेत आवाज तेवढ्या वेळात साडेआठ मीटर जातो, म्हणजे बेताच्या मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक-पुणे हे अंतर त्याच्यासाठी एक-दीड मिलिसेकंदाचं. तरी काकांशी जमलं नाही, कारण पॅकेट भरायला २०, जिटर बफरला ४०-५०, मधल्या सर्व्हरचे थोडे, आणि काकांच्या कानातल्या ब्लूटूथचेच शंभराच्या वर. हे सगळं छाटता येतं. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं जॅकट्रिप हे सॉफ्टवेअर तेच करतं: आवाज न दाबता सरळ यूडीपीवर, बफर नावापुरता, वायफायऐवजी वायर. त्यावर एकाच प्रांतातले वादक खरोखर एकत्र वाजवतात.

न्यू जर्सीचं छाटता येत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे प्रकाशालाच ६२ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारतातली वाहतूक आणखी लांबच्या वाटेने फिरवावी लागली. कुठलाही प्रोटोकॉल पृथ्वी लहान करू शकत नाही.

म्हणून आईचीच पद्धत आम्ही कायम केली. ती एकटी अनम्यूट, बाकी सगळे म्यूट. प्रत्येक घर तिच्या आवाजाबरोबर म्हणतं, आणि आवाज परत येत नसल्यामुळे प्रत्येक घरापुरती आरती अगदी तालात होते. आम्हाला ताईची घंटा हलताना दिसते, जरा उशिरा, बिनआवाजाची. मंत्रपुष्पांजलीला मात्र बाबा सगळ्यांना अनम्यूट करायला लावतात, दोन मिनिटं प्रचंड गोंधळ होतो, आणि प्रसाद वाटताना ते मला विचारतात, हल्ली २०० एमबीपीएसचा प्लॅन कितीला मिळतो.